थेंबांचा वाटा

भेस्तानच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कुठलीही वस्तू आली की आधी तिचे दोन वाटे व्हायचे, मग ती वापरात यायची. हा नियम सासूने घालून दिला होता. सासू शिरपूरकडची. दोन्ही मुलगे कामाला सुरतेला आले, त्यांच्या मागोमाग तीही आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने दोन्ही सुनांना समोर बसवून सांगितलं, "कानबाईना रोट जसा वाटतंस, तसंच समदं वाटानं. रोटमां कोन्ही धाकलं-मोठं नही."

श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदांनी सारखा वाटून घ्यायचा आणि घरातच संपवायचा, अशी रीत. म्हातारीने ती वर्षभरासाठी लावून टाकली. साडी घ्यायची तर एकाच गठ्ठ्यातल्या दोन. बांगड्या डझनभर आणल्या तर सहा तिला, सहा हिला. फणसाचे गरेसुद्धा मोजून.

म्हातारी जाऊन तीन वर्षं झाली, नियम राहिला. वाटे सारखे असले की जावांमध्ये भांडण होत नाही, असं तिला वाटायचं. पण वाटा सारखा आहे की नाही हे कळायला रोज दुसरीच्या ताटात डोकवावं लागतं, हे काही तिच्या ध्यानात आलं नसावं. मोठी जाऊ मालतीबाई, वय शेहेचाळीस. धाकट्या छायाच्या वाट्याकडे एकदा बघून घेतल्याशिवाय तिने आपल्या वाट्याला कधी हात लावला नाही.

करोनाची दुसरी लाट ओसरली त्या सालची गोष्ट. मालतीबाईचा नवरा सुकलाल सचिन गावच्या कारखान्यात लूमवर होता. त्याच्या खात्यातले दोन कारागीर त्या उन्हाळ्यात गेले. एकाचं तर तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. म्हणून लस आली तशी सुकलालने घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. दुसऱ्या डोसला दोघी जावा एकाच दिवशी गेल्या, एकीमागे एक. एकाच बाटलीतली लस, एकाच सिस्टरच्या हातून, दोघींच्या डाव्या दंडात.

मालतीबाईला त्या दिवशी ताप भरला. तिने गोळी घेतली, भाकरी थापल्या आणि कुणाला सांगितलंही नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

छायाला ताप आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मात्र ती उजवा डोळा गच्च मिटूनच उठली.

"आक्का, मना डोया दुखी ऱ्हायना. उजेड सहन व्हत नही."

"डोळे आले असतील," मालतीबाई म्हणाली. "गुलाबपाणी टाक."

पण डोळ्याला चिपडं नव्हती. बुबुळाभोवती लाल कडं आणि धुरकट दिसणं. छायाचा नवरा कुंदन घाबरला. त्याने कामावर दांडी मारली आणि तिला रिक्षात घालून शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुपारी दोघं परत आली. छायाच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता, आणि कुंदनच्या हातात दोन इवल्याशा बाटल्या. एक पांढऱ्या टोपणाची, दिवसातून सहा वेळा. एक लाल टोपणाची, दिवसातून दोनच वेळा.

"डोळ्याच्या आत सूज आहे," कुंदनने सांगितलं. "लसीनंतर क्वचित कुणाला होतं असं, मॅडम म्हणाल्या. पण लसीनंच झालं हेही छातीठोक सांगता येत नाही म्हणे. वेळेवर आलात, बरं होईल. आराम करायचा. बारीक काम बंद."

बारीक काम बंद, हे शब्द मालतीबाईच्या काळजात खिळ्यासारखे बसले. कारण दोघी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायच्या. साडी जमिनीवर ताणून एका टोकाला एक बसायची, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मध्यावर दोघींचे हात भेटायचे. आता मालतीबाई या टोकाला सुरुवात करायची आणि सरकत सरकत त्या टोकाला जाऊन पोचायची. मध्यावर कुणीच भेटायचं नाही. छाया पलंगावर गॉगल लावून बसलेली, राणीसारखी.

गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. "लसीनं केलं ना?" विचारताना त्यांचे आवाज बारीक व्हायचे. छाया म्हणायची, "देवाला ठाऊक, बहिणी." पण असं म्हणायची की ऐकणारीला पक्कं वाटावं. दोघी-तिघींनी तर दुसरा डोस घ्यायचं रद्दच केलं.

सुकलाल. चोवीस वर्षांच्या संसारात बायकोसाठी स्वतःहून केळंही न आणलेला माणूस. तो संध्याकाळी पपई घेऊन आला.

"छायाला दे. डोळ्याला चांगली असते."

"निम्मी?" मालतीबाईने विचारलं.

"अगं, आजारी माणसाचं आहे ते."

म्हणजे आजारी माणसाला नियम लागत नाही. हे म्हातारीने सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त झोंबलं ते गायत्रीचं. पोटची पोर, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. घड्याळ बघून काकीजवळ जायची, तिची हनुवटी दोन बोटांनी वर करायची. "काकी, उपर जो. हं, बस." वर बघ असं गुजरातीत म्हणत, हळुवार, दुधाचा थेंब सोडावा तसं औषध सोडायची. मालतीबाई खडे चिकटवता चिकटवता बघायची. तिच्या हनुवटीला असा हात कुणी लावला त्याला किती वर्षं झाली, हे तिला आठवेना.

आणि तिलाही डोळे होतेच की! गेली कित्येक वर्षं संध्याकाळी दिवा लावला की कधी कधी तिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं. उजवं कपाळ ठणकायचं. झोपलं की जायचं. एकदा तिने सुकलालला सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, "म्हातारी झालीस. चष्मा लागला असंल." आणि कूस बदलून घोरायला लागला होता. तिच्या डोळ्याला ना रिक्षा मिळाली, ना पपई. लसही तिने तीच घेतली होती. मग छायाच्या डोळ्याला एवढं काय सोनं लागलं होतं?

आठवड्याने कुंदन छायाला पुन्हा दाखवून आला; या वेळी तो बाहेरच थांबला होता, आत ती एकटीच गेली. तो लगेच ड्युटीवर गेला. छायाने पलंगावर बसता बसता सांगितलं, "फरक शे. पण आराम अजून सांगेल शे." त्या दिवसापासून ती गायत्रीला म्हणायची, "राहू दे बेटा, मी टाकते माझी माझी. तू अभ्यास कर."

दोन्ही बाटल्या फळीवर, देवाच्या तसबिरीखाली. दोन दिवस मालतीबाईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी छाया झोपलेली असताना ती फळीपाशी गेली.

आपण चोरी करतो आहोत असं तिला वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. तिला हिशेब सोपा वाटला. घरात आलेली वस्तू. छायाचे दिवसाला दोन थेंब, म्हणजे निम्मा वाटा एक थेंब. औषधच आहे, विष नाही. तिचाही डोळा दुखतोच. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, पण अक्कल होती. पांढरी बाटली सहा वेळा वापरायची म्हणजे ती साधी असणार, पाण्यासारखी. लाल टोपणाची दोनच वेळा. जी जपून वापरायची तीच भारी. तिने लाल टोपण काढलं. छायाचा उजवा, म्हणून हिचाही उजवा. हनुवटी स्वतःच वर केली आणि थेंब सोडला.

चरचरलं. अर्ध्या तासाने ती आरशासमोर उभी राहिली आणि बघतच राहिली. उजव्या डोळ्यातलं काळं बुबुळ मोठं, टपोरं, चकचकीत झालेलं. लग्नाच्या फोटोतल्या पोरीचा डोळा तिच्या सुरकुत्यांत येऊन बसला होता. 'असं शे तर!' ती मनात म्हणाली. 'हे औषध ती एकटी टाकत व्हती!'

दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना सुकलालने मान वर केली. "गायत्रीनी माय, डोया काय चमकी ऱ्हायना तुना आज?"

चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तिने भाजी जरा जास्तच वाढली.

त्या डोळ्याने जवळचं धुरकट दिसायचं. खडे एका रेषेत बसेनात. पण तिने तो डोळा मिटून काम केलं आणि रोज दुपारी आपला वाटा घेतला. चार दिवस. पाचव्या दिवशी, कानबाई तीन दिवसांवर आली असताना, सकाळी दहाच्या सुमारास ती पदराचे खडे लावत होती. बल्बभोवती ते जुनं रंगीत कडं उमटलं. दिवसाढवळ्या. मग उजव्या डोळ्यात कुणी तापलेला खिळा ठोकावा तशी कळ आली. ती भिंत धरून मोरीपर्यंत गेली आणि भडभडून ओकली.

"आक्का! आक्का, काय व्हयनं व?" छाया पलंगावरून उडी मारून आली. गॉगल पलंगावरच राहिला.

रात्रपाळी करून झोपलेला कुंदन उठला. वहिनीचा लालबुंद डोळा बघून त्याने कपाळावर हात मारला. "लसीनं दुसरीचाही खाल्ला!" हे वाक्य गल्लीत रिक्षाच्या आधी पोचलं.

सुकलालला फोन गेला. तो कारखान्यातून धावत आला, अंगाला सुताची लव चिकटलेली. रिक्षात त्याने बायकोचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "धीर धर. पोचतोय आपण." पलीकडून छायाने हात धरलेला. समोर कुंदन रिक्षावाल्याला "जल्दी भैया" म्हणत होता. डोळा फुटतोय की काय अशी वेदना होती. पण त्या वेदनेच्याही आत, एका कोपऱ्यात, मालतीबाईला थंडगार वाटलं. खांदा सुताचा आणि घामाचा वास मारत होता, आणि तो तिचा एकटीचा होता. त्याचे वाटे पाडायचे नव्हते.

दवाखान्यात बाकांवर रांगच रांग. कुंदनने छायाचा जुना कागद सोबत आणला होता. तो त्याने खिडकीतल्या माणसापुढे नाचवला. "साहब, सेम केस है. एकही घर का. वॅक्सिन के बाद." खिडकीतल्या माणसाने नव्या कागदावर तसंच लिहिलं आणि म्हणाला, "बेसो. तपासण्याआधी थेंब टाकतील."

मालतीबाई सुकलालच्या खांद्यावर डोकं टेकून बाकावर बसली, पलीकडे छाया. डावा डोळा तेवढा उघडा. निळा कोट घातलेला एक माणूस बाकाच्या त्या टोकाकडून येत होता. प्रत्येकाची मान मागे करायचा, थेंब टाकायचा, "आँख बंद" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. पाच माणसं उरली, मग चार. आणि मालतीबाईला त्याच्या हातातली बाटली दिसली. इवलीशी. लाल टोपणाची.

बाटल्या दुसऱ्याही असतील. टोपणं काय, शंभर औषधांना लाल असतील. पण हा माणूस थेंब टाकणार तो तिच्या ह्याच डोळ्यात. चार दिवस ज्याने बुबुळ फुगवलं, त्याचाच हा पाचवा थेंब असला तर?

बोलावं तर आत्ताच. बोलावं तर खांदा जाणार, हात जाणार. "चोट्टी" म्हणतील. जाऊच्या औषधावर जळली, म्हणतील. कुंदन गल्लीभर सांगेल. सुकलाल तर पुन्हा कधी मान वर करून बघणार नाही. आणि न बोलावं तर डोळा जाईल. पण गेला तर लसीने गेला म्हणतील. लोक हळहळतील, सुकलाल जन्मभर हात धरून चालवील. हेही तिच्या मनात येऊन गेलं. मनात काय येईल याला कुणाचा धरबंध?

तीन माणसं. दोन.

छायाने तिच्या कानाशी तोंड नेलं. "भिऊ नका आक्का. मलाही टाकले होते. काही नाही होत."

'तुले काही व्हत नही,' मालतीबाईच्या मनात आलं. 'तुले कधीच काही व्हत नही.' आणि त्या रागानेच तिला एकदम कळलं, की या बाईसारखं व्हावं म्हणून आपण आपला डोळा घालवायला निघालो आहोत. डोळा मात्र तिचा जाणार नाही. आपला जाणार. एवढ्या एका गोष्टीचे दोन वाटे होणार नव्हते.

निळ्या कोटाने तिच्या कपाळाला हात लावला. तिने त्याचं मनगट गच्च धरलं.

"नको! भाऊ, मत डालो. ह्याच्यानंच झालंय."

"अरे, ये जाँच का है, माजी."

"मी टाकात! घरमां!" ती ओरडली. सगळा बाक वळून बघू लागला. "लाल टोपणनी बाटली. चार दिन. छाया, तुना थेंबस्ना निम्मा वाटा मी लिधा."

सुकलालचा खांदा तिच्या डोक्याखालून निसटला. तो उभाच राहिला. कुंदनचं तोंड उघडंच. छाया मात्र पांढरीफटक पडली, आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"पण आक्का, ते औषध तर बंद केलं होतं! मॅडमनी मागच्याच आठवड्यात सांगितलं, लाल फेकून द्या, आता नको."

मालतीबाईने उघड्या डोळ्याने जावेकडे नीट पाहिलं. स्वच्छ पांढरा डोळा, लाल कडं नाही, गॉगल नाही.

"मंग गॉगल कसाले लावत व्हतीस?"

छायाने मान खाली घातली. "अकरा वर्षं झाली, आक्का. तुमच्या बरोबरीनं बसून खडे लावते. तुमच्या रेषा सरळ येतात, माझ्या वाकड्या. तुम्ही बोलत नाही, पण उचकटून परत लावता. वाटलं, आठ दिवस कुणी माझ्या रेषा बघू नयेत."

"म्हणजे समदा गठ्ठा मी एकलीनं..."

"हो."

"ओ बेन!" निळा कोट ओरडला. "झगडा बाद में. मॅडम! इधर आओ, जल्दी!"

मोठ्या मॅडमनी आत नेऊन तपासलं आणि मग कुणाला काही विचारायला सवड राहिली नाही. डोळ्यातला दाब भयंकर वाढला होता. सलाईन लावलं, गोळ्या दिल्या, दाब उतरल्यावर दुसऱ्या दिवशी लेसरच्या किरणांनी बुबुळाच्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलं. मॅडम गुजरातीमिश्रित हिंदीत बोलल्या, कॉलेजातून थेट आलेल्या गायत्रीने घरच्यांना समजावून सांगितलं: आईच्या डोळ्यांतलं पाणी वाहून जायची आतली वाट जन्मापासूनच अरुंद. दिव्याभोवती कडं दिसायचं ते त्याचंच. ह्या थेंबांनी ती वाट पुरती बंद झाली. लसीचा यात काही संबंध नाही. नजर थोडी गेली, बरीच वाचली. बाकावर आणखी एक थेंब पडला असता तर सांगता आलं नसतं. दुसऱ्या डोळ्यालाही आधीच तसं भोक पाडून घ्यायचं.

"कडं दिसायचं, तर कधी सांगितलं नाही घरी?" मॅडमनी विचारलं.

सुकलाल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सांगितलं होतं तिनं."

ते त्याने सगळ्यांदेखत म्हटलं. रिक्षात घरी येताना त्याने खांदा पुढे केला नाही, पण उतरताना हात दिला. पपई आणली नाही. चष्म्याच्या दुकानातून काळा गॉगल आणला, छायाच्यापेक्षा स्वस्तातला. मालतीबाईने तो उलटसुलट करून पाहिला आणि लावला.

गल्लीत काय व्हायचं ते झालं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "वाटा घेतला म्हणे थेंबांचा!" मालतीबाई मान खाली घालून नळावरून पाणी आणायची. पण ज्यांनी लस रद्द केली होती त्यांच्यातल्या दोघी त्याच आठवड्यात जाऊन घेऊन आल्या. एकजण दारात थांबून म्हणाली, "आक्का, तुमच्यामुळं धीर आला." हे ऐकून आनंद मानावा की लाज धरावी, ते मालतीबाईला ठरवता आलं नाही.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर कलश, कलशावर नारळ. त्यांच्या घरी नारळाला नथ आणि चांदीचे दोन डोळे लावायची रीत होती, आणि ते डोळे लावायचा मान सासूनंतर मोठ्या सुनेचा. तो तेवढा एकच मान असा होता की त्याचे कधी वाटे पडले नव्हते. मालतीबाईने मेण मळून घेतलं, पहिला डोळा बोटावर घेतला आणि नारळासमोर धरला. नारळाच्या कडा तिला पुसट दिसत होत्या. तिने अदमासाने डोळा दाबून बसवला.

मागे सगळे उभे. कुणी काही बोललं नाही, म्हणजे वाकडा बसला असणार.

तिने दुसरा डोळा तळहातावर घेतला. मग मागे न बघता हात लांब केला.

"घे व. हाऊ तुना."

"आक्का, मान तुमचा आहे."

"घे म्हणतेय ना! रोटमां कोन्ही धाकलं-मोठं नही. आणि थरथरू नको, देवीचं तोंड आहे."

छाया पुढे झाली, गुडघ्यावर बसली आणि डोळा लावला. गायत्रीने निरांजन जवळ धरलं. मालतीबाईने गॉगल वर सारला, डावा डोळा बारीक करून आधी छायाच्या बाजूला पाहिलं, मग आपल्या.

छायाचा सरळ बसला होता. अगदी दोऱ्यात.

मालतीबाईच्या छातीत काहीतरी जळलं, जुनं, ओळखीचं. तिने हात पुढे केला, आपण लावलेला डोळा काढला, मेण पुन्हा मळलं, आणि छायाच्या डोळ्याशी रेष जुळेपर्यंत नारळ सोडला नाही. तोवर आरती खोळंबली होती, आणि कुंदनने दोनदा घसा खाकरला होता.